मृग लागला म्हन्ता, मंग दिसत काऊन नाही?

दरवर्षी ७ किंवा ८ जूनला विदर्भातल्या कुठल्याही गावात जा, बियाण्याच्या दुकानापासून देवळाच्या पारापर्यंत एकच विषय असतो. मृग लागला. रोहिणी कोरडी गेली, आता मृगाने तरी साथ द्यावी. वाहन काय आहे यंदा, बेडूक की गाढव? सरकी टोबायची घाई करावी की चार दिवस थांबावं? एवढी चर्चा ज्याच्या नावाने चालते, तो मृग त्या रात्री आकाशात शोधून पाहा. आभाळ लख्ख मोकळं असलं तरी सापडणार नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास डोक्यावर स्वाती असेल, आग्नेयेकडून विंचू आकडा वळवत वर येत असेल, उत्तरेला सप्तर्षी असतील. मृगाचा पत्ता नसेल.

घरातलं सहावी-सातवीतलं पोरगं मग विचारतं, ‘आबाजी, मृग लागला म्हन्ता, मंग दिसत काऊन नाही?’ बहुतेक आबाजी ‘ढगं आहेत ना’ म्हणून वेळ मारून नेतात. पोराचं समाधान होत नाही, कारण त्याला शाळेत सांगितलेलं असतं की मृग हिवाळ्यात दिसतो. गंमत अशी, की आबाजींचं पंचांगही बरोबर आहे आणि पोराची शाळाही. दोघांत भांडण नाही, हे ज्याला नीट कळलं त्याला आकाशाचा निम्मा अभ्यास आला असं मी मानतो.

एक खळं डोळ्यांपुढे आणा. मधोमध तिवडा, म्हणजे खांब, गाडलाय आणि त्याच्या टोकाला मोठा बल्ब टांगलाय. लांब धुऱ्यावर चारी बाजूंनी झाडं आहेत, कडुनिंब, बाभूळ, मोह, पळस. तुम्ही तिवड्याभोवती गोल चालताय. बल्बच्या पलीकडे जे झाड आहे ते डोळे दिपल्यामुळे दिसत नाही. पाठीमागचं झाड मात्र मान वळवली की स्वच्छ दिसतं. दहा पावलं पुढे गेलं की बल्बमागचं झाड बदलतं, पाठीमागचंही बदलतं. फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक झाडाची एकदा लपायची आणि एकदा समोर यायची पाळी येते. बल्ब म्हणजे सूर्य, चालणारे तुम्ही म्हणजे पृथ्वी, झाडं म्हणजे नक्षत्रं, आणि फेरी एका वर्षाची. ‘मृग लागला’ याचा अर्थ इतकाच, की सूर्याच्या मागे आता मृगाचं झाड आलं.

म्हणजे त्या दिवसांत मृग आकाशात नसतो असं नाही. तो सूर्यासोबत सकाळी उगवतो, दुपारी तुमच्या डोक्यावर असतो आणि सूर्यासोबतच मावळतो. दिवसाच्या उजेडात तारे दिसत नाहीत, म्हणून तोही दिसत नाही.

सूर्याच्या या वाटेचे आपल्या लोकांनी २७ सारखे भाग पाडले. वर्षाचे ३६५ दिवस २७ ने भागले की साडेतेरा येतात, म्हणून शेतकऱ्याचं एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, मग पुष्य, आश्लेषा, ऑगस्टच्या मध्यावर मघा, आणि सप्टेंबरच्या शेवटी तो गडगडाट करत येणारा हस्त. तारखा इंग्रजी कॅलेंडरशी इतक्या घट्ट बांधलेल्या दिसतात त्याचं कारण हेच, की दोन्ही हिशोब सूर्याचे आहेत.

इथे एक घोळ हमखास होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीतही एका नक्षत्राचं नाव छापलेलं असतं, आणि ते मृग लागल्याच्या दिवशी बहुधा भलतंच काहीतरी असतं. ते चंद्राचं नक्षत्र. चंद्र पृथ्वीभोवतीची फेरी सव्वासत्तावीस दिवसांत मारतो, त्यामुळे तो रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. सूर्याचं नक्षत्र डोळ्यांनी दिसू शकत नाही, चंद्राचं दिसतं. आकाश शिकायला निघालेल्या माणसाला याहून स्वस्त साधन मिळणार नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी चौकटीत ‘रोहिणी’ लिहिलं असेल तर चंद्राच्या आसपास एक ठसठशीत तांबूस तारा शोधा, तीच रोहिणी. चंद्र सूर्याच्या वाटेच्या थोडा वर-खाली असतो, त्यामुळे अर्ध्या मुठीचा फरक धरून चाला. दोन दिवसांनी चंद्र मृगाच्या पुढे सरकलेला असेल. महिनाभर असा पिच्छा केला की चंद्रच तुम्हाला सगळी वाट दाखवून आणतो.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे खळ्यातल्या तुमच्या पाठीमागच्या झाडाशी. कार्तिकी पौर्णिमेला तो कृत्तिकांपाशी असतो, माघात मघेपाशी, चैत्रात चित्रेपाशी. महिन्यांची नावं तिथूनच आली. वटपौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठेच्या जवळ असतो, विंचवाच्या छातीतल्या त्या लाल ताऱ्याच्या. आणि मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या रात्री, चंद्र मृगाच्या डोक्याशी असतो. अधिक महिना आला की थोडं मागेपुढे होतं, पण ढोबळ हिशोब टिकतो. सूर्य मृगात जूनमध्ये, म्हणून मृग रात्रीच्या आकाशात डिसेंबरमध्ये. पोराचं उत्तर हे.

जून ते डिसेंबर या मधल्या काळात तो हळूहळू परत येतो, आणि ते येणं पाहण्यासारखं असतं. पृथ्वी रोज सूर्याभोवती जवळजवळ एक अंश पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला झाले दोन तास. पोळ्याच्या सुमारास मृग रात्री एकच्या आसपास पूर्वेला येतो. पोळा अमावास्येचा, म्हणजे चंद्राचा अडथळा नाही. त्या रात्री ढग फाटले आणि झोप मोडलीच तर जरूर बघा. ऑक्टोबर लागताना तो अकरा वाजता उगवतो, नोव्हेंबर लागताना नऊला, डिसेंबर लागताना सातच्या जरा नंतर. डिसेंबरच्या मध्यावर तो दिवेलागणीला पूर्वेत, मध्यरात्री माथ्याच्या थोडा दक्षिणेला आणि पहाटे सहाच्या सुमारास पश्चिमेच्या झाडांत टेकलेला असतो. रब्बीत रात्रीची लाईन असते तेव्हा हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला वावरात जाणारा माणूस, स्प्रिंकलरचे पाईप पालटता पालटता, मृगाचा हा पूर्ण प्रवास पाहत असतो. आकाशनिरीक्षणासाठी खास रात्र काढायला शहरातून लोक गाड्या करून येतात. आपल्याकडे वीज कंपनीचं वेळापत्रकच ती सोय करून देतं, आवडो न आवडो.

तर तो ओळखायचा कसा? पूर्वेला तोंड करून बसा आणि एकमेकांना लागून असलेले तीन सारख्या तेजाचे तारे शोधा. उगवताना ते जवळजवळ एकावर एक उभे असतात, किंचित डावीकडे कललेले. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्या भोवती चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. त्यातला डावीकडचा तांबूस तो काक्षी (काही जण यालाच आर्द्रा म्हणतात), उजवीकडचा निळसर पांढरा तो राजन्य. दोघांचे रंग वेगळे आहेत हे पहिल्यांदा कुणी दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि एकदा लक्षात आलं की मग न दिसणं अशक्य. रंग तापमानाचा. तांबूस तारा तुलनेने थंड, निळसर तारा फार तापलेला, लोहाराच्या भट्टीवर वाढलेल्या माणसाला हे सांगायला नकोच. २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला हा काक्षी नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता. आता फुटणार की काय अशी चर्चा जगभर झाली. नंतर उलगडा झाला, की त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती. रोहिणीच्या तेजाशी त्याची तुलना करत राहणं, आज कोण उजळ, आज कोण मंद, हे हौशी माणसाला बाजेवर पडल्या पडल्या करता येणारं खरंखुरं निरीक्षण आहे.

बाणाची रेघ वर वाढवली की रोहिणी लागते, तिच्याही पुढे कृत्तिकांचा घोस. खाली वाढवली की तास-दीड तासाने तिथून व्याध उगवतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर. मृगावर बाण सोडणारा शिकारी तो हाच. मृग बराच वर चढला की बाणाच्या खाली तीन मंद ठिपक्यांची आणखी एक छोटी ओळ दिसते. तिच्यातला मधला ठिपका नीट पाहा, तो ताऱ्यासारखा टोकदार लागत नाही, धुसर लागतो. साधी दुर्बीण लावली तर तिथे चक्क धुक्याचा पुंजका आहे. नवे तारे जन्माला येत आहेत असा तो वायूचा ढग, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. आज जो उजेड तुमच्या डोळ्यात शिरतो तो देवगिरीला यादवांचं राज्य यायच्याही आधी तिथून निघालेला.

हरीण आणि शिकारी ही पोथीतली गोष्ट झाली. विदर्भातल्या गोंड समाजाला त्याच ताऱ्यांत नांगर दिसतो. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या अभ्यासकांनी गोंड वस्त्यांत फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून या नोंदी केल्या आणि त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर, ही गोष्ट तर आपल्याकडे बिगरगोंड घरांतही ऐकायला मिळते. मला स्वतःला हरणापेक्षा नांगर जास्त पटतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी ही नावं विचारून वहीत उतरवून ठेवावीत, कारण मोबाईलमधल्या ॲपमध्ये ती मिळत नाहीत.

आता मोजमाप. हात सरळ लांब करून मूठ आवळली की मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, त्यामुळे हिशोब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. उत्तरेकडे तोंड करून क्षितिजापासून दोन मुठी वर या, तिथे ध्रुव. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे आणि ध्रुवाची उंची नेहमी त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. कन्याकुमारीला तो एक मूठही वर येत नाही, काश्मीरात साडेतीन मुठींवर असतो. ध्रुव फार तेजस्वी असेल अशी समजूत करून घेऊ नका, तेजाच्या यादीत त्याचा नंबर पन्नाशीच्या आसपास लागतो. त्याचं मोठेपण जागा न सोडण्यात आहे. दक्षिणेला याच्या उलट एक जण थोडा वेळच दर्शन देतो, अगस्त्य. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी, पण आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर येणारा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे झाडं-घरं आड येणार नाहीत अशा जागी उभे राहा, दिसेल. लंडनच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही.

मग मृग आणि पाऊस यांचा संबंध काय? ताऱ्यांचा पावसाशी काहीही संबंध नाही. नक्षत्र म्हणजे सूर्य वाटेवर कुठे पोचला त्याचा मैलाचा दगड, आणि जमीन किती तापली, वारे कधी फिरले हे सूर्यावर ठरतं. म्हणून मृग हे पावसाचं कारण नसून तारीख आहे. वाहनाचा प्रकार तर त्याहून सरळ. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून घोडा, बेडूक, म्हैस नाहीतर हत्ती. यात ढगांची, वाऱ्याची, समुद्राची कसलीही नोंद नाही; हा नुसता भागाकार आहे. त्यामुळे वाहन बेडूक निघालं म्हणून धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करणाऱ्याने दुबार पेरणीचा खर्चही बाजूला काढून ठेवावा. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच तिफण जोडा, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला जास्त कामाचा.

शिवाय ही तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रं यांची जोडी दर ७२ वर्षांना एका दिवसाने सुटत जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, सूर्य सगळ्यात उत्तरेला जायचा तेव्हा तो पुनर्वसूत असायचा. आज तो दिवस आर्द्रा लागायच्या सुमारास येतो. त्या काळी मृग मेच्या मध्यावरच लागत असणार, म्हणजे ‘मृगात पेरणी’ हा नियम त्या शेतकऱ्याला उपयोगाचा नव्हता. पुढे १३,००० वर्षांनी सूर्य डिसेंबरात मृगात असेल आणि मृग जूनच्या रात्री आकाशात येईल, ढगांच्या वर. तोपर्यंत ध्रुवाचीही बदली झालेली असेल. त्या जागेच्या बऱ्याच जवळ अभिजित नावाचा तारा आलेला असेल.

हिशोबात न बसणारंही आकाशात काही घडतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास विदर्भभर लोकांनी एकाच वेळी वर पाहिलं होतं. पेटत्या ठिणग्यांची रांग आकाश ओलांडून गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. उल्का की विमान की आणखी काही, यावर रात्रभर व्हॉट्सॲप पेटलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. फरक ओळखणं सोपं आहे. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला वीस, तीस, कधी सत्तर किलोमीटर वेगाने शिरते. रॉकेटचे तुकडे सात-आठ किलोमीटरच्या वेगाने येतात, त्यामुळे ते सावकाश, तुटत तुटत, बोट दाखवून शेजाऱ्याला बोलावता येईल इतका वेळ दिसतात. उल्काच पाहायच्या असतील तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरा, मिथुन राशीतून येणाऱ्या. ऑगस्टातला वर्षाव नावाजलेला असला तरी आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

हे सगळं दिसायला काळोख लागतो, आणि खेड्यातही तो आता आपोआप मिळत नाही. चौकात हायमास्ट आला, अंगणाअंगणात पांढरे एलईडी लागले. पांढऱ्या दिव्यातला निळा उजेड हवेत जास्त पसरतो, आणि दिवा उघडा असला तर त्यातला बराचसा वर वाया जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी दिवे बंद करून लोकांना अंधारात बसवलं नाही. सिल्लारी, वाघोडा, खापा अशा बफरमधल्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवले. उजेड रस्त्यावर पडला, आकाश मोकळं राहिलं. असा दिवा आपल्या ग्रामपंचायतीलाही बसवता येतो. ग्रामसभेत मागणी करताना ‘तारे दिसावेत’ म्हणण्यापेक्षा ‘उजेड रस्त्यावर पडावा’ म्हटलं तर लवकर मंजूर होईल.

घरच्या घरी सुरुवात करायची तर गच्ची किंवा अंगणातली बाज पुरते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात आणि मोबाईल एकदा पाहिला की ती परत शून्यापासून. बॅटरीला लाल जिलेटिन बांधा. टेलिस्कोप इतक्यात घेऊ नका. पहिलं वर्ष नुसते डोळे, मग ७ × ५० किंवा १० × ५० ची दुर्बीण (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा). आणि रात्री दुसऱ्याच्या वावरातून अंधारात आडवं जाऊ नका. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असतो, त्याने विदर्भात माणसं गेली आहेत. जायचंच असेल तर शेतमालकाला आधी फोन करा, पायात बूट घाला, आणि वाटेने जा.